रिक्त पदावरचा माणूस

माझी मावशी तांडेल होती. गावातल्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर जाणारी प्रवासी बोट ती चालवायची, आणि तेही माझ्या जन्माच्या आधीपासून. हे कुणाला सांगितलं की तो आधी "अय्या!" किंवा "अरे वा!" म्हणायचा आणि श्वास घेऊन झाला की विचारायचा, "आणि काका काय करतात?" म्हणजे बाईने सुकाणू धरलं असेल तर तिच्या मागे कुठेतरी, निदान इंजिनाच्या खोलीत तरी, खरा चालवणारा दडलेला असणारच, अशी खात्री.

काका दोर धरायचे. सकाळी पहिल्या बोटीने बेटावरच्या धक्क्यावर उतरायचे, दिवसभर तिथेच थांबायचे आणि मावशीने आणलेली बोट दर फेरीला खांबाला बांधायचे. लोकांना हे ऐकून काकांची दया यायची. काकांना उलट लोकांची यायची. त्यांच्या मते जगात धड कामं दोनच, बोट लावणं आणि बोट बांधणं. बाकी सगळे प्रवासी.

मावशी उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण घरात बसून "मीठ दे" म्हणाली तर शेजारचे मीठ घेऊन येतील असा आवाज. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिला महिना मला वाटायचं की ती माझ्यावर चिडलीये. मग कळलं, ती लाडाने बोलतेय. चिडल्यावर ती गप्प बसायची आणि ते फार वाईट असायचं. तिला शब्दकोडी आवडायची, गोड खायला आवडायचं, आणि भुताखेतांच्या गोष्टी मुळीच आवडायच्या नाहीत. "मेल्यावर तरी माणसाला स्वस्थ पडू द्या," म्हणायची.

धक्क्यावर एक नियम होता. दोर टाकताना तांडेलाशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. धुक्यात दोर धरणाऱ्याला बोट दिसत नाही, तो एका आवाजावर काम करतो. दुसऱ्या कुणी मध्येच "सांभाळा हं!" वगैरे प्रेमाने ओरडलं तर हात चेपायचा. म्हणून शब्द तीनच. "धर" म्हटलं की दोर झेलून फास खांबाला अडकवायचा. "सोड" म्हटलं की काढायचा. आणि दिवसाच्या शेवटच्या फेरीला, फास काढून झाला की, "सुट्टी". सुट्टी म्हणेपर्यंत दोरवाल्याने धक्का सोडायचा नाही. सुट्टी म्हटलं की त्याने बोटीत उडी मारायची आणि घरी यायचं.

धक्क्यावर काका मावशीच्या शब्दाबाहेर नव्हते. अर्ध्या शब्दात दोर हातात. घरी मात्र तोच माणूस ठार बहिरा. धक्क्यावर "धर!" म्हणून अंगावर ओरडणारी मावशी घरी "अहो, ऐकलंत का, तो नळ गळतोय हो" असं मऊ आवाजात सांगायची, आणि काका "बघतो" म्हणून पेपर वाचायचे. स्वयंपाकघरातला तो नळ मी आले तेव्हापासून गळत होता. शेवटी मावशीने त्याच्याखाली पातेलं ठेवलं. काकांनी पातेलं पाहिलं आणि म्हणाले, "बघ, सुटला ना प्रश्न."

मी एकदा मावशीला म्हटलं, "तू घरी पण तसंच ओरड ना, धक्क्यासारखं. ऐकतील."

"घरी नवरा आहे तो," मावशी म्हणाली. "दोरवाला नाहीये."

मी कॉलेजात आले त्याच वर्षी काका गेले. एका संध्याकाळी अचानक धुकं उतरलं आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनी शेवटची फेरी रद्द केली. या साहेबांना सगळे परिपत्रक म्हणायचे, कारण ते माणसाशी बोलत नसत, परिपत्रक काढत. मावशी म्हणाली, "साहेब, पलीकडे माझा माणूस आहे." परिपत्रक म्हणाले, "तिथे केबिन आहे, बाक आहे. एक रात्र काढतील. तुमच्या माणसासाठी मी बोट धोक्यात घालू?" केबिनमधला फोन नेहमीसारखा बंद होता. मोबाइल काका घरी ठेवून जायचे, भिजतो म्हणून. मावशीने साहेबांचं ऐकलं आणि घरी आली.

सकाळी ती पहिली बोट घेऊन गेली तर काका खांबाला टेकून बसलेले. हृदय बंद पडलं होतं. केबिनचं दार उघडलेलंसुद्धा नव्हतं. बाकावर झोपले असते तर वाचले असते असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण वाचले नसते असंही म्हणाले नाहीत. मावशी बरेच दिवस गप्प होती. मग कामावर गेली.

आता खरी गंमत सुरू होते. गंमत म्हणायचं, कारण दुसरं काय म्हणणार?

काकांच्या जागी कंपनीने कुणाला नेमलं नाही. हवा स्वच्छ असली की बोटीवरचा खलाशी, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, स्वतः धक्क्यावर उडी मारून दोर अडकवायचा. पण धुक्यात उडी मारायची कुठे? तेव्हा लंबू अंदाजाने दोर भिरकावायचा, मावशी सवयीने "धर!" म्हणून ओरडायची आणि दोर पलीकडे धरला जायचा. ताणला जायचा. बोट नीट धक्क्याला लागायची. उतरणाऱ्या प्रवाशांना खांबावर फास दिसायचा, माणूस दिसायचा नाही.

तीन वर्षं हे चाललं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बेटावरच्या लोकांना वाटलं, कंपनीचा माणूस असेल. कंपनीला वाटलं, बेटावरचा कुणीतरी भला माणूस असेल. लंबूला मी खोदून खोदून विचारलं, तर तो म्हणाला, "काम होतंय ना? मग?" परिपत्रकांनी तर लेखी कळवलं की धक्क्यावरील काम सुरळीत सुरू असल्याने सदर रिक्त पद भरण्याची निकड दिसून येत नाही. पगार नाही, रजा नाही, चहासुद्धा मागत नाही. असा कर्मचारी कुठल्या कंपनीला नको असेल?

मावशीला विचारलं की ती म्हणायची, "वाऱ्याने बसतो फास." मला तेवढं पुरेसं होतं, एक गोष्ट सोडून. मी एकदा धुक्यातल्या फेरीला तिच्याबरोबर गेले तेव्हा खांबाकडे नीट पाहिलं. फास टाकून वर दोराला दोन वेढे दिले होते. काका देत असत तसे. बाकी सगळे एकच देतात. वारा दोन देतो म्हणे.

इथे मला आमच्या पथकाबद्दल सांगणं भाग आहे. आमचं एक अतींद्रिय शोध पथक होतं. हसायचं नाही. सदस्य तीन. मी, कारण कल्पना माझी. दुसरा बॅटरी, ज्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या होत्या, आणि ज्याने जुन्या रेडिओतून एक यंत्र बनवलं होतं. भूत जवळ आलं की त्याचा काटा हलणार होता. बॅटरीच्या आईने मिक्सर लावला की तो नक्की हलायचा. तिसरी शास्त्रज्ञ. तिचा भुतांवर अजिबात विश्वास नव्हता. आम्ही दोघं मूर्ख आहोत हे जवळून सिद्ध करता यावं म्हणून ती आली होती. आमच्या नावावर तोपर्यंत एकच यशस्वी तपास होता. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीतलं भूत. ते कबुतर निघालं.

अशा या पथकाने दोन वेढ्यांची बातमी ऐकताच मावशीकडे बोटीवर येण्याची परवानगी मागितली. बॅटरीने यंत्र पुढे केलं. मावशीने ते उलटंपालटं केलं, कानाशी नेलं आणि विचारलं, "यावर बातम्या लागतात का?"

"नाही, मावशी."

"मग काय उपयोग?" असं म्हणून तिने आम्हाला हाकललं. बाहेर मात्र बातमी फुटली. कुणीतरी धक्क्यावर भूत आहे असं बोललं आणि दुसऱ्याच दिवशी परिपत्रक लागलं: बेटावरील धक्क्यावर अनधिकृत व्यक्तींनी दोर धरण्यास सक्त मनाई आहे. पुढच्या धुक्यात दोर धरला गेला. म्हणजे धरणाऱ्याने ते वाचलं नव्हतं, किंवा स्वतःला अधिकृत मानत होता.

मग पूल झाला. गाव आणि बेट यांच्यामधल्या समुद्रावरून सरळ रस्ता. सगळीकडे आनंदीआनंद. बोटसेवा महिनाअखेरीस बंद होणार असं जाहीर झालं. मावशीला दफ्तरात बसायची नोकरी देऊ केली. ती हो म्हणाली, फार वाईटही वाटलं नाही तिला. गुडघे दुखत होते. मी म्हटलं, सुटलो.

त्या संध्याकाळी मी अभ्यास करत होते. मावशी शब्दकोड्यासमोर बसली होती आणि पेन्सिल हलत नव्हती. नळाचं पाणी पातेल्यात पडत होतं.

"तुमचं ते डबडं," ती म्हणाली, "अजून आहे का?"

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"बोट बंद झाली की तिकडच्या धक्क्यावर कुणी जाणार नाही," ती म्हणाली. "धक्का मोडणारेत म्हणे पुढच्या वर्षी. तिकडे कुणी नसेल तर प्रश्नच नाही. पण असेल तर?" तिने पेन्सिल खाली ठेवली. "असेल तर तो उभाच राहील गं. एकदा ठेवला मी त्याला तसा. दुसऱ्यांदा नाही ठेवायची."

"मावशी, तू तर वारा म्हणत होतीस."

"वाराच आहे. तुम्ही येऊन वाराच आहे असं सांगा. मग मला झोप येईल."

म्हणजे आम्हाला पहिलं गंभीर काम मिळालं, आणि गिऱ्हाईकाला उत्तर हवं होतं ते "नाही" हे. शास्त्रज्ञ खूश झाली. बॅटरी रुसला.

पहिल्या धुक्याच्या सकाळी आम्ही बोटीवर हजर. समुद्र असा गायब झाला होता की पाण्याचा आवाज नसता तर आपण पांढऱ्या चादरीखाली बसलोय असं वाटलं असतं. बोट धक्क्याजवळ आली. लंबूने दोर उचलला. आणि बॅटरी, ज्याने आठवडाभर पाठांतर केलं होतं, खणखणीत आवाजात म्हणाला, "हे आत्म्या! तू कोण आहेस? तुला काय हवं आहे?"

मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की आत्म्याऐवजी बॅटरीलाच काय हवंय ते सुचेना. "दोर टाकताना तोंड उघडलंस तर तुला पाण्यात टाकीन," ती म्हणाली. "आत्मा बित्मा घरी."

यंत्राचा काटा काही हलला नाही. नंतर कळलं की बॅटरीने ते चालूच केलं नव्हतं. जगातल्या पहिल्या समुद्री भूतशोधाची ही तांत्रिक बाजू.

पण शास्त्रज्ञ तोपर्यंत विचारात पडली होती. "मावशी," ती म्हणाली, "फास वाऱ्याने बसत असेल तर शब्द म्हणा की नका म्हणू, बसायला हवा. बरोबर? मग तीनदा टाकू या. एकदा कुणीच काही बोलायचं नाही. एकदा बॅटरी धर म्हणेल. एकदा तुम्ही."

मावशीला हे पटलं. सगळ्यांनाच पटलं, आणि याची पुढे काय फळं येतील याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

बोट मागे घेतली. पहिल्यांदा लंबूने मुकाट्याने दोर फेकला. डुबुक. दोर पाण्यात. ओढून घेतला. मग बॅटरी ओरडला, "धर!" पुन्हा डुबुक. लंबू ओला दोर ओढता ओढता विज्ञानाला शिव्या देत होता. शास्त्रज्ञ हसत होती. "झालं," ती म्हणाली, "योगायोग होता. आता शेवटचं एकदा नियमाप्रमाणे करून टाकू."

मावशीने सुकाणूवरचा हात घट्ट केला. "धर," ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही.

दोर धुक्यात गेला. आवाज आला नाही. लंबूच्या हातातला दोर हळूच ताणला गेला, एकदा, मग दुसऱ्यांदा, वेढा दिल्यावर बसतो तसा झटका. आणि बोट धक्क्याकडे सरकू लागली.

शास्त्रज्ञाचं हसू जागच्या जागी राहिलं. बॅटरीने माझा हात पकडला. मी पकडू दिला, ही गोष्ट नंतर त्याने कॉलेजात सांगितली, पण ती भीतीच होती. मला रडू येत होतं. तीन वर्षं माझे काका, ज्यांनी मला पोहायला शिकवलं, ज्यांनी माझ्या पहिल्या नापास निकालावर "पुढच्या फेरीला जाशील" एवढंच म्हटलं, ते तिथे उभे होते. उन्हात, थंडीत, पावसात. कारण कुणी त्यांना घरी जा म्हटलं नव्हतं.

मावशी सुकाणूला कपाळ लावून उभी होती. "मला शब्द ठाऊक होता," ती म्हणाली. "नुसतं एकदा म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दोर पाण्यात पडला असता तर?" मग प्रवासी उतरायला लागले आणि तिला "सावकाश, फळी ओली आहे" असं ओरडावं लागलं.

ठरलं असं की शेवटच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, रीतसर सुट्टी द्यायची. आधी का नाही? मावशी म्हणाली, "काम संपल्यावर सुट्टी असते." मी वाद घालणार होते. मग लक्षात आलं की तिला उरलेले दिवस हवे होते, आणि मी पहिल्यांदाच वाद घातला नाही.

शेवटचा दिवस. दुपारी परिपत्रकांनी धक्क्यावर छोटं भाषण केलं. बोटीचं कौतुक केलं, पुलाचं जास्त केलं, मावशीचं नाव घ्यायचं विसरले, मग आठवलं तेव्हा चुकीचं घेतलं. फोटो झाले. आणि संध्याकाळी, शेवटची फेरी सुटायच्या वेळेला, धुकं उतरलं.

परिपत्रक दफ्तरातून बाहेर आले. "फेरी रद्द," ते म्हणाले. "बाई, बोट इथेच राहू द्या. आता तसंही प्रवासी नाहीत. शेवटच्या दिवशी उगाच धोका कशाला?"

मावशी धक्क्यावर उभी होती. तीच वेळ, तेच धुकं, तेच साहेब, आणि शब्दही जवळजवळ तेच. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नको ऐकूस गं, आज नको ऐकूस.

"साहेब," ती म्हणाली, "पलीकडे माझा माणूस आहे."

"कोण माणूस? तिथे तर पद रिक्त आहे."

"मागच्या वेळी ऐकलं होतं तुमचं," मावशी म्हणाली आणि बोटीत चढली. लंबूने दोर सोडला आणि मागोमाग उडी मारली. आम्ही तिघंही चढलो. परिपत्रक धक्क्यावरून ओरडत होते की कारवाई होईल, नोकरीवरून काढून टाकण्यात येईल. बंद पडलेल्या सेवेतून माणसाला कसं काढतात हे मलाही बघायचं होतं.

मावशी भोंगा वाजवत, कान देऊन, अगदी हळू बोट नेत होती. सुकाणूशेजारी एक स्टूल होतं. शेवटच्या फेरीला काका तिथे बसून यायचे आणि मावशीने बोट कशी जरा डावीकडे नेली ते वाटभर सांगायचे. त्यावर मी माझी बॅग ठेवली होती.

"बॅग उचल," मावशी म्हणाली. "जागा आहे ती."

धक्का जवळ आला. लंबूने दोर फेकला. "धर!" दोर धरला गेला, दोन वेढे बसले. बोट लागली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. मावशीने थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाली, "सोड!" वेढे सुटले, फास निघाला, दोर लंबूच्या हातात ढिला झाला. बोट धक्क्याला नुसती टेकून होती. आणि मग मावशीने छाती भरून श्वास घेतला आणि तीन वर्षांपूर्वीचा राहिलेला शब्द ओरडली.

"सुट्टी!"

काही झालं नाही.

पुन्हा ओरडली. धुकं होतं तसंच. आमच्याकडे कुणी आलं नाही. बोट पाण्यावर हलत होती, नेहमीसारखी. बॅटरीने यंत्राकडे पाहिलं. या वेळी ते चालू होतं आणि काटा मेल्यासारखा पडून होता. मला वाटतं, काकांची अडचण मला कळली होती. माणूस नियमाचा पक्का. ही फेरी रद्द झालेली. धुक्यातून कुणी आलंच तर दोर धरायचा, ती माणुसकी. पण रद्द झालेल्या फेरीच्या तांडेलाने दिलेली सुट्टी कशी घ्यायची? तिसऱ्यांदा ओरडताना मावशीचा आवाज फुटला. त्या आवाजाला मी फुटताना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई," लंबू हळूच म्हणाला, "बोट वाहायला लागली. जायला पाहिजे."

मावशीने सुकाणू सोडलं. चक्क सोडलं, हे तिने कधी केलं नव्हतं, आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. धुक्याकडे तोंड करून, घरातल्या, स्वयंपाकघरातल्या त्या मऊ आवाजात बोलायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का? पुरे झालं आता. मी त्या दिवशी यायला हवं होतं, नाही आले. साहेबाचं ऐकलं. रोज वाटतं, रोज. तुम्ही वाट बघत बसलात आणि मी घरी जाऊन पांघरूण घेऊन पडले. रागावा हवं तर, पण घरी येऊन रागावा. पोरगी आहे घरात, तिला पोळ्या धड येत नाहीत. नळ गळतोय. तुम्ही बघतो म्हणाला होतात, आठवतंय का? चला ना. चला हो घरी."

मग बोट डावीकडे कलली. काका चांगलेच जड होते. फळीवरून नीट चढायचं सोडून ते कठड्यावरून उडी मारायचे, आणि दर वेळी बोट अशीच खाली जायची आणि मावशी दर वेळी "सावकाश की!" म्हणायची. लंबूने पटकन कठडा धरला. शास्त्रज्ञ धपकन खाली बसली.

"सावकाश की," मावशी म्हणाली. डोळे पुसले आणि सुकाणूपाशी गेली.

एवढ्या वर्षांत घरच्या आवाजात सांगितलेलं काकांनी ऐकलं ते हे एकच.

बोट वळवायच्या आधी शास्त्रज्ञाने, अजून खाली बसूनच, एक हात वर केला. "तपासून बघायला हवं ना?" मावशीने मान हलवली. लंबूने धक्क्याकडे दोर फेकला. "धर!" मावशी ओरडली.

डुबुक.

"हं," मावशी म्हणाली आणि इंजिनाला वेग दिला. वाटेत ती एकदाच बोलली, आणि ते आमच्याशी नव्हतं. "नाही नेली डावीकडे. प्रवाह आहे तिथे," असं म्हणाली, स्टुलाच्या दिशेला न बघता.

गावाच्या धक्क्यावर परिपत्रक निघून गेले होते. कारवाईची नोटीस नंतर आली, त्यात तारीख चुकली होती, ती मावशीने शब्दकोड्याच्या पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवली. पथक आम्ही त्याच आठवड्यात बंद केलं. बॅटरी म्हणाला, यंत्रात सुधारणा करायला हवी. शास्त्रज्ञ काहीच म्हणाली नाही, आणि तिच्या बाबतीत ते पुष्कळ आहे. मावशी आता दफ्तरात बसते, तिथल्या लोकांना तिचा आवाज सोसत नाही, आणि सकाळी मला तिला हलवून उठवावं लागतं. तीन वर्षं ती पहाटे उठून खिडकीतून धुकं आहे का ते बघायची.

नळ मात्र अजून गळतो. परवा पातेलं भरून पाणी ओट्यावरून माझ्या वहीवर आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मावशी, मी उद्या प्लंबरला बोलावतेय."

ती कोडं सोडवत होती. मान वर केली नाही.

"कशाला?" म्हणाली. "माणूस आहे ना घरात."